एक संधी तरी द्यायची होती

आत्ताच भजनी मंडळी उसळ-पाव खाऊन गेली, भांडी तशीच पडलीयत आणि मी पडवीत बसून हे टाइप करतेय, कारण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. आमच्याकडे एकवीस दिवसांचा गणपती, त्यामुळे कायपण असो, सातला आरती म्हणजे सातला आरती. आणि टोकियोतली २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटरची फायनल नेमकी त्याच्या जरा आधी. म्हणून मी आणि दादा गणपतीच्या माटवीच्या बाजूला खुर्चीवर मोबाईल टेकवून बघत बसलो होतो. वहिनी निरांजनात वाती घालत होती आणि मधेमधे सांगत होती, आवरा आता.

बोट्स्वानाचा लेटसिले टेबोगो बंदुकीच्या आधी सुटला. बाद. कार्ड दाखवलं, पोरगा चालत बाहेर गेला, बाकीच्यांना परत बसवलं. पुढे जमैकाच्या ओब्लिक सेव्हिलने ९.७७ मध्ये जिंकलं, किशेन थॉम्पसन दुसरा, नोआ लाइल्स तिसरा, आणि स्टेडियममध्ये बसलेला उसेन बोल्ट नाचत होता. सगळं छान. सेव्हिलबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्याने कमावलेलं मेडल आहे ते.

पण पाचव्या मिनिटाला आमच्या शाळेच्या ग्रुपवर सुरू झालं. 'एवढी घाई कशाला रे', 'लघवीला लागली वाटतं', आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मी दादाकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही, उठला आणि समईत तेल घालायला गेला. समईत तेल भरपूर होतं.

तुम्हा लोकांना मी वर्षानुवर्षं ओळखते, वाईट नाही आहात तुम्ही, म्हणूनच सांगतेय. टेबोगो कोण आहे ते तरी बघा आधी. बावीस वर्षांचा पोरगा. पंचवीसेक लाख वस्तीचा देश. मागच्या वर्षी मे महिन्यात त्याची आई गेली आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला तो २०० मीटर १९.४६ मध्ये धावला, बुटावर आईची जन्मतारीख लिहून. बोट्स्वानाचं ते पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, देशाने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. आणि आज त्याला घाई झाली म्हणून तुम्ही हसताय?

माझा दादा नववीत असताना १०० मीटर धावायचा. आमच्या बाबांची भागीत रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पहाटे दोर ओढायला सगळ्यांनाच जावं लागायचं आणि ओल्या वाळूत टाचा रोवून ओढून ओढून त्याच्या पोटऱ्या अशा झालेल्या की शाळेतले सर हात लावून बघायचे. बूट नव्हते. संध्याकाळी ओहोटी लागली की किनाऱ्यावर जी घट्ट पट्टी उघडी पडते तिच्यावर तो धावायचा. सुटताना पाय टेकवायचे ब्लॉक कुठले आणायचे, मग करवंटीने वाळूत दोन खड्डे काढायचे, एक पुढच्या पायाला एक मागच्या. मी सहावीत, माझं काम दोन फळकुटं एकमेकांवर आपटणं. मी मुद्दाम कधी लवकर कधी उशिरा आपटायचे आणि तो एकदाही, अगदी एकदाही आधी सुटला नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, फळकुटं माझ्या हातात होती.

तालुक्याला पहिला आला. मग जिल्ह्याच्या स्पर्धा. मालवणहून सकाळच्या एसटीने कसालच्या रस्त्याने निघालो, आईने डब्यात भाकरी आणि सुकटाची चटणी दिलेली. सकाळभर पाऊस, फक्कीच्या रेषा वाहून गेलेल्या, लाल चिखल, त्यामुळे फायनल चारला. पोरगा सकाळपासून अंगावर ओला टॉवेल घेऊन बसलेला. शेवटी लेन परत आखल्या, दादा एकदम कडेच्या लेनमध्ये, रस्त्याच्या बाजूला. आणि नेमकं त्याच वेळी रस्त्यावरून कोणाच्या तरी घरचा गणपती विसर्जनाला निघालेला.

'सेट' म्हटलं. सहा पोरं कंबर वर करून थांबली. रस्त्यावर एक फटाका फुटला. फाट्! दादा सुटला.

दहा-बारा पावलं गेला असेल, मग त्याला कळलं की बाजूला कोणीच नाही. वळून बघितलं त्याने. ते तोंड माझ्या डोळ्यापुढून अजून जात नाही. आज टेबोगो थांबला ना, तसंच.

तो स्टार्टरकडे जाऊन म्हणाला, "सर, आवाज इलो म्हणान सुटलंय." स्टार्टरने लाकडी क्लॅपर वर करून दाखवला. म्हणाला, वाजवायचं काम माझं आहे, हा वाजला की पळायचं, चल बाजूला हो. आमच्या सरांनी जाऊन सांगितलं की फटाका होता हो, सगळ्यांनी ऐकला, बाकीची दोन पोरंपण हलली. नियम म्हणजे नियम. संपलं.

आता मी गप्प बसून वाचत गेले, तेव्हा कळलं की त्या कडेच्या लेनला काय महत्त्व होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लेनची रुंदी १.२२ मीटर. आठ लेन असतील आणि स्टार्टर पहिल्या लेनच्या बाजूला उभा असेल तर आठव्या लेनमधल्याला बंदूक ०.०२५ सेकंद उशिरा ऐकू येते. हे काहीच नाही असं वाटतं ना? पॅरिसची १०० मीटरची फायनल लाइल्सने ९.७८४ ने जिंकली, थॉम्पसन ९.७८९. फरक ०.००५. म्हणून मोठ्या स्पर्धेत प्रत्येकाच्या ब्लॉकमागे स्पीकर असतो, सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यावं म्हणून. आमच्याकडे स्पीकर नव्हता, रस्ता होता. फटाका दादालाच सगळ्यात आधी ऐकू आला.

आणि ऐकणं हाच तर यांचा अभ्यास! वर्षानुवर्षं शरीराला एकच शिकवायचं, आवाज आला की सुट, विचार करू नको. मग एक दिवस ते शरीर तेच करतं, जरा आधी करतं, आणि तुम्ही त्याला चोर असल्यासारखं हाकलता. ब्लॉकमध्ये सेन्सर असतात, आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हललात तर फाऊल, माणसाला त्याहून लवकर जमणारच नाही असं धरून. २०२२ मध्ये अमेरिकेत युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तिथलाच डेव्हन अॅलन ११० मीटर हर्डल्सच्या फायनलमध्ये ०.०९९ ला हलला. एक हजारांश सेकंद! ज्या मैदानावर तो कॉलेजात असताना धावला त्याच मैदानावर, वडील जाऊन काही आठवडे झालेले, आणि त्याला बाहेर काढलं. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत नाही बघवला. २०११ ला कोरियात दाएगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला खुद्द बोल्ट असाच बाद झाला १०० च्या फायनलमध्ये. बोल्टचं काय, त्याच्याकडे आधीच सगळं होतं, पुढेही मिळालं. सगळ्यांना पुढचं वर्ष मिळत नाही.

पूर्वी असं नव्हतं. २००३ च्या आधी प्रत्येकाला एक चूक माफ होती. २०१० पासून एकही नाही. हो, मान्य आहे मला, माफी होती तेव्हा काही जण मुद्दाम आधी सुटून दुसऱ्याचं लक्ष उडवायचे, आणि टीव्हीवाल्यांचा वेळ जायचा. आणि हेपण मान्य की आज टेबोगो खरंच आधी सुटला, फटाकाबिटाका काही नव्हता. पण म्हणून काय झालं? टीव्हीचा वेळ दोन मिनिटं जाईल. जाऊदे. त्या पोराची दोन वर्षं गेली त्याचं काय? फायनलमध्ये तरी एक संधी द्या ना, ताकीद द्या, परत बसवा. परत केलं तर काढा बाहेर, मी एक शब्द बोलणार नाही.

याच आठवड्यात आपला अनिमेष कुजूर २०० ला उतरतोय टोकियोत. छत्तीसगडचा पोरगा, जुलैमध्ये ग्रीसला १०.१८ धावून १०० चा नॅशनल रेकॉर्ड केलाय त्याने. त्याचा पाय जर कणभर आधी हलला ना, तर तुम्ही असंच हसाल? मला खरंच उत्तर पाहिजे.

त्या दिवशी परतीच्या एसटीत दादा खिडकीला डोकं टेकवून बसलेला, डबा उघडलाच नाही त्याने. घरी पोचलो तर बाबा खळ्यात जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "फुडल्या वर्साक बगुया." पुढच्या वर्षी दहावी, मग बाबांची पाठ गेली, मग होडीवर दादाच. परत कधी धावला नाही. करवंटी मात्र बरेच दिवस दाराच्या मागे होती, माती सुकलेली तिच्यात, आईने कधीतरी चुलीत घातली असणार.

मघाशी मी ग्रुपवर तावातावाने दोन-चार शब्द वाईट लिहिले, ते मी काढले आहेत. रागात होते. ज्यांनी हसून लिहिलं त्यांना दादाची गोष्ट माहीत नव्हती हेपण खरं, आम्हीच कधी सांगितली नाही, आज पहिल्यांदा लिहितेय आणि त्याला विचारून लिहितेय.

आरतीच्या वेळी झांज नेहमी दादाकडे असते. आज पण तोच वाजवत होता, नजर खाली. सगळं आटपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या टेबोगोची दोनशे केवा आसा गो?"

म्हटलं बुधवारपासून. मंगळवारी विसर्जन, बुधवारी मखर रिकामं, घर एकदम गप्प होतं त्या दिवशी. वहिनीला सांगून ठेवलंय, यावेळी टीव्हीवर लावायचं.