विलायतेत चिठ्ठी, अमेरिकेत गमी, पुण्यात फॉरवर्ड

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या मेलाटोनिनवरून दोन तट पडलेत. मेलाटोनिन म्हणजे रात्री शरीरात आपोआप बनणारं झोपेचं हार्मोन, जे गोळी म्हणूनही मिळतं. कोथरूडच्या मामांच्या मते झोप हा त्याचा किरकोळ फायदा. खरं काम कॅन्सर, बीपी, शुगर आणि म्हातारपण रोखण्याचं. 'तिकडे सगळे रोज घेतात.' आत्याचं उत्तर तयारच असतं: 'हार्मोन आहे ते. तिकडे चिठ्ठीशिवाय हात लावू देत नाहीत.' मग दोघंही मला टॅग करतात, कारण मी तिकडे राहते.

'तिकडच्या'बद्दल दोघंही खरंच बोलताहेत, फक्त देश वेगळे आहेत. मी राहते त्या मँचेस्टरमध्ये मेलाटोनिन डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतं. नेहमीची गोळी म्हणजे २ मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी, पंचावन्नच्या पुढच्यांसाठी, जास्तीत जास्त १३ आठवडे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे ते पूरक आहारात जमा झालं, म्हणून न्यू जर्सीचा चुलतभाऊ त्याच्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, दूध-अंड्यांबरोबर ट्रॉलीत टाकून आणतो. युरोपियन युनियनमधल्या बऱ्याच देशांत ते दुकानात मिळतं, पण डबीवर झोप लवकर लागणं आणि जेट लॅग यापलीकडे फायद्याचं अक्षर छापायला परवानगी नाही. औषध एकच. ही रेघ कुठे ओढायची हे बरंचसं त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवलंय. त्यामुळे आपल्याकडच्या वादात परदेशाला साक्षीला बोलावलं की दोन्ही बाजूंना हवी ती साक्ष मिळते.

आत्याचं हुकमी पान म्हणजे नोव्हेंबर २०२५ मधली बातमी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला: निद्रानाशाच्या सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांच्या नोंदी, आणि वर्षभर किंवा जास्त मेलाटोनिन घेणाऱ्यांत पुढच्या पाच वर्षांत हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं) जवळपास ९० टक्के जास्त. ग्रुपवर ते 'मेलाटोनिनने हार्ट फेल' होऊन आलं. पण या नोंदी डॉक्टरांकडच्या, आणि त्याही वेगवेगळ्या देशांतल्या. माझ्या गावात जो घेतो त्याची नोंद होतेच. चुलतभावासारखा ट्रॉलीतून घेणारा कागदावर 'न घेणारा' ठरतो. शिवाय ज्याला डॉक्टर वर्षभर ते लिहून देतो, त्याची झोप आणि तब्येत आधीच जास्त बिघडलेली असण्याची शक्यता दांडगी. या आकड्यावरून काळजी घ्यावी, घाबरून जाऊ नये.

मामांची यादी मात्र त्याहून भुसभुशीत आहे. कॅन्सरचं बघा. कॅनडात फुप्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ जणांवर चाचणी झाली. काहींना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी गोळी. दोन वर्षांनी, रोग उलटण्याच्या बाबतीत, दोन्ही गट सारखेच. कोविडमध्ये ऑक्टोबर २०२० ला ट्रम्प स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांच्या औषधांच्या यादीत मेलाटोनिन होतं, तेवढ्यावर तेव्हा अर्ध्या जगाने बाटल्या उचलल्या. ऑपरेशनआधीची धास्ती कमी होते याला बऱ्यापैकी पुरावा आहे. रात्रीचं बीपी थोडं उतरतं असंही लहान चाचण्यांत दिसलंय, पण त्यावर बीपीची गोळी सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

मला स्वतःला सगळ्यात विचार करण्याजोगी वाटते ती मायग्रेनची गोष्ट, आणि नेमकी तीच फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या एका चाचणीचे निकाल आले. १९६ रुग्ण, कोणाला रात्री ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, कोणाला मायग्रेन टाळायला नेहमी देतात ते अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कोणाला साधी गोळी. साध्या गोळीवर महिन्यातले डोकेदुखीचे दिवस एकाने कमी झाले, मेलाटोनिनवर अडीचहून जास्त. आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनने वजन वाढतं तसं ते वाढलं नाही. त्याआधी नॉर्वेत २ मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी देऊन पाहिली होती, तिथे काहीच फरक दिसला नव्हता. म्हणजे पक्कं नाही. पण माझ्या मामेबहिणीसारखी, जी महिन्यातून चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून असते, तिने न्यूरोलॉजिस्टला हे विचारायला काय हरकत आहे?

आता शुगर, कारण मामांना स्वतःलाच आहे. रात्री मेलाटोनिन वाढतं तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आवरतं घेतात. काहींच्या जनुकांत असा फरक असतो की हा परिणाम जास्तच जाणवतो. स्पेनमध्ये ८४५ जणांना एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा एक तास आधी ग्लुकोजचं पेय दिलं. उशिरा दिलं तेव्हा शरीरातलं स्वतःचंच मेलाटोनिन चढलेलं होतं, इन्सुलिन कमी पडलं आणि साखर वाढली. तिथे गोळीसुद्धा नव्हती! आमच्या मामांचं पान बातम्या संपल्यावर पावणेदहाला वाढलं जातं. वरण-भात, वर तूप, त्यावर दोन आंब्याच्या फोडी, आणि लगेच स्ट्रॉबेरीच्या चवीची गमी, जिच्यात साखर आहेच. मी लिहिलं, 'मामा, घ्यायचीच असेल तर जेवण सातला उरका, आणि बाटली डॉक्टरांना दाखवा.' त्यांनी अंगठा पाठवला. मामींकडून कळतं की जेवण अजून पावणेदहालाच आहे.

ती बाटलीही बघण्यासारखी आहे. पुढे ठळक '१० मिलिग्रॅम', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत की हे दावे एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, तपासलेले नाहीत. एमआयटीतल्या संशोधकांना वृद्धांच्या झोपेसाठी ०.३ मिलिग्रॅम पुरेसं वाटलं होतं. ही गमी त्याच्या तीसपटीहून जास्त. तीही खरोखर १० असेल तर. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमी तपासल्या, त्यांतल्या २२ मध्ये लेबलवरचं प्रमाण चुकीचं निघालं आणि एकीत मेलाटोनिन नव्हतंच. गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या या वस्तूपायी २०२१ मध्ये तिथल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांच्या ५२,५६३ तक्रारी आल्या.

इंग्लंडची कडक शिस्त मला आवडते असं नाही. मुंबईहून परतल्यावर चार रात्री टक्क जागं राहायचं आणि जेट लॅगवर ज्याचा उपयोग सगळ्यात पक्का ठाऊक आहे, त्यासाठी जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, अपॉइंटमेंटची वाट बघायची, हे हास्यास्पद आहे. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये बरा मार्ग काढला: पंचावन्नच्या पुढच्यांना २ मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीविना, पण फार्मासिस्टशी बोलूनच. तसं पुण्यातही जमेल. कोपऱ्यावरचा केमिस्ट मामांना नावाने ओळखतो, त्यांच्या शुगरच्या गोळ्या दर महिन्याला तोच काढून ठेवतो. जेवता किती वाजता, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, हे तो गोळ्या मोजता मोजता विचारेल. न्यू जर्सीहून कोणाच्या तरी बॅगेत आलेल्या बाटलीबरोबर हे विचारणारं कोणी येत नाही.