राज्याने किती कर्ज काढायचं हे दिल्लीतल्या एका पत्राने ठरावं का?

राज्याने किती कर्ज काढायचं यावरून केरळने केंद्र सरकारला सर्वोच्च न्यायालयात खेचलं तेव्हा आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती बहुतेक ‘दिवाळं निघालं, आता रडतायत’ एवढीच. मला तो खटला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो केरळपुरता नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

नोकरीची बरीच वर्षं मी एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे रोखे खरेदी-विक्रीच्या विभागात, काढली. मंगळवार म्हणजे राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव. कोणतं राज्य, किती कोटी, किती वर्षांसाठी, ही यादी रिझर्व्ह बँक आधीच जाहीर करते. सकाळी बोली लावायच्या आणि मग कट-ऑफ, म्हणजे लिलावात ठरलेला व्याजदर, किती येतो त्याची वाट बघायची. तिथे एक गोष्ट पक्की कळली. महाराष्ट्राचा दहा वर्षांचा रोखा आणि ज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे अशा राज्याचा दहा वर्षांचा रोखा, यांच्या व्याजदरात फरक असायचा तो शंभर रुपयांमागे जेमतेम काही पैशांचा. घेणाऱ्याला ठाऊक असतं की परतफेड रिझर्व्ह बँक राज्याच्या खात्यातून वळती करून घेते, आणि एखादं राज्य बुडायलाच लागलं तर केंद्र हात बांधून बसणार नाही. म्हणजे बाजार राज्यांना शिस्त लावत नाही. रोखे घेणारे कोण, तर बँका, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी. पैसा तुमचा-आमचाच. त्यामुळे राज्यांच्या कर्जाला मर्यादा हवी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

भांडण आहे ते मर्यादा घालणार कोण, यावर. राज्यघटनेच्या कलम 293 नुसार राज्याला देशात कर्ज काढायचा अधिकार आहे आणि त्याची मर्यादा ठरवायची ती राज्याच्या विधिमंडळाने. पण त्याच कलमाचा तिसरा खंड सांगतो की केंद्राचं एखादं कर्ज, किंवा केंद्राने हमी दिलेलं कर्ज, राज्याकडून फिटायचं बाकी असेल, तर केंद्राच्या संमतीशिवाय नवं कर्ज काढता येणार नाही. या एका खंडाच्या आधारावर दर वर्षी दिल्लीहून पत्र येतं, यंदा तुम्हाला इतकंच कर्ज. साधारणपणे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्के, 2021-22 पासून वीज क्षेत्रात सुधारणा केलेल्या राज्यांना वर अर्धा टक्काही मिळाला.

केरळने 1999 च्या कायद्याने केआयआयएफबी नावाचं, पायाभूत सुविधांसाठी पैसा उभारणारं मंडळ उभं केलं होतं. 2016 नंतर त्याला बळ दिलं आणि त्याच्यामार्फत कर्ज काढून रस्ते, पूल, शाळा, इस्पितळं बांधायला घेतली. 2019 मध्ये या मंडळाने लंडनच्या बाजारात 9.72 टक्के दराने 2,150 कोटींचे मसाला बाँड, म्हणजे परदेशात विकलेले रुपयातले रोखे, विकले. सामाजिक पेन्शन वाटायला आणखी एक कंपनी काढली, तीही कर्ज काढणारी. केंद्र म्हणालं, ही कर्जं शेवटी राज्याच्याच पैशातून फिटणार, तेव्हा ती तुमच्या मर्यादेत धरू. मागची जादा उचल पुढच्या वर्षांतून कापायला सुरुवात झाली आणि केरळचा गळा आवळला गेला. म्हाताऱ्या माणसांची महिना 1,600 रुपयांची पेन्शन कित्येक महिने थकली. डिसेंबर 2023 मध्ये राज्य कलम 131 खाली, म्हणजे केंद्र-राज्य वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो त्या कलमाखाली, न्यायालयात गेलं, फेब्रुवारी 2024 मध्ये मुख्यमंत्री पिनराई विजयन जंतरमंतरवर बसले.

पेन्शनसाठी वेगळी कंपनी काढून कर्ज उचलणं मला मुळीच पटत नाही. तो रोजचा खर्च आहे, अर्थसंकल्पातूनच व्हायला हवा. महालेखापालांनी या अर्थसंकल्पाबाहेरच्या कर्जांवर आक्षेप घेतला तो रास्तच होता. पण याच काळात केंद्र स्वतः काय करत होतं? अन्न महामंडळाला अनुदान द्यायच्या ऐवजी वर्षानुवर्षं अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावलं. ते अर्थसंकल्पात घेतलं गेलं 2021 मध्ये. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज 2022 पर्यंत 3 लाख कोटींच्या वर गेलं होतं. केंद्राची तूट आणि कर्ज यांना मर्यादा घालणाऱ्या एफआरबीएम कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनुसार केंद्राचं कर्ज 2024-25 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या 40 टक्क्यांवर यायचं होतं. ते 55 टक्क्यांच्या पुढेच राहिलं. कोविड आला, मान्य. पण तूट 3 टक्क्यांवर आणण्याची मुदत त्याआधीही 2012, 2015, 2018 अशी दर खेपेला दुरुस्ती करून पुढे ढकलली गेली होती. केंद्राला कुणी पत्र पाठवत नाही आणि पुढच्या वर्षी कापून घेत नाही.

मला सगळ्यात खटकलं ते खटला चालू असतानाचं केंद्राचं वागणं. केरळने 26,226 कोटींची परवानगी मागितली होती. केंद्र 13,608 कोटींना तयार झालं, पण आधी दावा मागे घ्या म्हणालं. न्यायालयाला सांगावं लागलं की अशी अट घालता येणार नाही. कर्जाची परवानगी आर्थिक हिशोबावर मिळत असेल तर दाव्याचा त्याच्याशी संबंध काय? 1 एप्रिल 2024 ला न्यायालयाने केरळला अंतरिम दिलासा नाकारला, पण कलम 293 चा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला.

आता महाराष्ट्राचा संबंध. केंद्र-राज्यांत करांची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाने, बाराव्याने, 2005 च्या सुमारास सुचवलं होतं की केंद्राने राज्यांना कर्ज देणं थांबवावं, राज्यांनी थेट बाजारात जावं. तसं होऊ लागलं, केंद्राची जुनी कर्जं फिटत चालली. ती पूर्ण फिटली असती तर संमतीची गरजच उरली नसती. मग 2020-21 पासून केंद्राने राज्यांना भांडवली खर्चासाठी 50 वर्षांची बिनव्याजी कर्जं द्यायला सुरुवात केली. 2024-25 पर्यंत तरतूद दीड लाख कोटींवर गेली. बिनव्याजी पैसा कोण नाकारेल? महाराष्ट्रानेही घेतला. पण ते केंद्राचं कर्ज आहे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे थेट 2070 नंतरपर्यंत, आपल्याला दर वर्षी दिल्लीची संमती घ्यावी लागणार आहे. हेतू तोच होता असं मी म्हणत नाही. पण दावं गळ्यात पडलं ते पडलंच.

आज आपण निवांत आहोत, कारण उत्पन्नाच्या मानाने आपलं कर्ज केरळपेक्षा बरंच कमी आहे. पण 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज 9 लाख कोटींच्या वर जाईल असा अंदाज दिला होता. एकट्या लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी 36,000 कोटी ठेवले होते, आणि केलेल्या कामांची बिलं मिळावीत म्हणून कंत्राटदार आंदोलनं करत होते. उद्या मुंबईत आणि दिल्लीत वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली आणि एमएसआरडीसीसारख्या (राज्य रस्ते विकास महामंडळ) महामंडळांची कर्जं मोजायची पद्धत एका पत्राने बदलली, तर आपणही जंतरमंतरवरच जाणार का?

यावर उपाय नवा नाही. चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगाने, तसंच एफआरबीएम कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंह समितीनेही स्वतंत्र वित्तीय परिषद सुचवली आहे. केंद्र आणि राज्य दोघांची कर्जं एकाच मापाने मोजणारी, हिशोब जाहीर मांडणारी आणि सरकारला न बांधलेली. केंद्राने ती अजून नेमलेली नाही. तुमचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी त्याला लेखी विचारा: ही परिषद कधी नेमणार, आणि महाराष्ट्राच्या कर्जाची मर्यादा दर वर्षी कोणत्या आकडेमोडीने ठरते, ती आकडेमोड लोकांसमोर का ठेवत नाही? मी माझ्या खासदारांना पत्र पाठवलंय. मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, देतो.