पंचाचा निर्णय आणि खेळाडूंचे थकलेले पाय

११ जून २०२४ रोजी दोहा येथील जस्सिम बिन हमद स्टेडियमवर भारत आणि कतार यांच्यात झालेल्या विश्वचषक पात्रता सामन्याचा विषय निघाला, की आमच्या नाशिकच्या फुटबॉलप्रेमी मंडळींत आजही दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की पंचांनी आपला घात केला. दुसरा तट म्हणतो, की शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या मुलांचे पायच उचलत नव्हते, मग पंचांना बोल कशाला लावायचा? हे दोन मुद्दे एकमेकांविरुद्ध उभे करणेच मला मान्य नाही. चुकीचा निर्णय आणि संपत आलेली ताकद या मैदानावर वेगवेगळ्या राहणाऱ्या गोष्टी नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉल चालवणाऱ्यांनीही त्यांचा विचार एकत्रच करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

त्या सामन्याचे तपशील पुन्हा सांगतो, कारण रागाच्या भरात ते विसरले जातात. सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला होता आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू कर्णधार होता. ३७ व्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने गोल केला. ती १-० ची आघाडी टिकली असती, तर भारत पहिल्यांदाच आशियाई पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३ व्या मिनिटाला कतारच्या फ्रीकिकवर युसूफ आयमेनचा हेडर गुरप्रीतने अडवला, चेंडू गोलखांबाशेजारून अंतिम रेषेपलीकडे गेला, तो कतारच्या हाश्मी हुसेनने पायाने मागे ओढला आणि आयमेनने जाळ्यात ढकलला. संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला की खेळ थांबतो, हा फुटबॉलचा अगदी प्राथमिक नियम आहे. भारतीय खेळाडू त्याच समजुतीने थांबले होते. सहायक पंचाचा झेंडा वर गेला नाही, मुख्य पंचांनी गोल दिला, आणि पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची, सोयच नसल्यामुळे पुन्हा पाहण्याचा मार्गही नव्हता. ८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि २-१ वर सारे संपले.

दुसरा गोल तर निर्विवाद होता ना, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मला त्या मधल्या बारा मिनिटांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. आघाडी राखणारा संघ आपली ताकद एका विशिष्ट पद्धतीने खर्च करत असतो. तो मागे थांबतो, जागा झाकतो, कमी धावतो आणि उरलेल्या मिनिटांवर नजर ठेवतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक मिळवले, ती शर्यत २५ फेऱ्यांची असते. किती फेऱ्या उरल्या हे ठाऊक असल्यामुळेच धावपटू आपला दम पुरवून वापरू शकतो. शर्यत संपत आली असताना कोणी आणखी पाच फेऱ्या वाढवल्या, तर त्यानंतरच्या तिच्या वेगावरून तिच्या दमाची परीक्षा करणे न्यायाचे होईल का? ७३ व्या मिनिटानंतर भारतीय संघाचे नेमके तेच झाले. बरोबरीने पुढे जाण्याची खात्री नव्हती, म्हणून बचावासाठी राखलेली ताकद हल्ल्यासाठी काढावी लागली, आणि तीही संतापलेल्या, एकाग्रता भंगलेल्या मनाने. शेवटच्या टप्प्यात आपला संघ मंदावतो ही तक्रार खरी आहे, मी ती नाकारत नाही. परंतु त्या रात्रीच्या पराभवाचे कारण म्हणून ती पुढे करणे मला अन्यायाचे वाटते.

या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, हे २०१४ च्या विश्वचषकातील नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात जगाने पाहिले. फोर्तालेझाच्या उकाड्यात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवावा लागला होता, आणि दुसऱ्या थांब्याचा उपयोग डच प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी डावपेच बदलण्यासाठी करून घेतला. मेक्सिको ८८ व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होता. मग स्नायडरने बरोबरी साधली आणि भरपाईच्या वेळेत आर्येन रॉबेन पडल्यावर पोर्तुगालचे पंच पेद्रो प्रोएन्सा यांनी पेनल्टी दिली. मेक्सिकोत त्या निर्णयाविरुद्धचा राग वर्षानुवर्षे शमला नाही. माझ्या मते रॉबेनला मेक्सिकोच्या राफाएल मार्केझचा पाय लागला होता, त्यामुळे पेनल्टी देता येण्यासारखी होती, मात्र रॉबेनने ज्या रीतीने अंग टाकले ते मला मुळीच पटत नाही. परंतु ३५ वर्षांच्या मार्केझने त्या क्षणी पाय का घातला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नव्वद मिनिटे उन्हात खेळलेल्या बचावपटूला शरीर वळवून जागा अडवण्याइतकी चपळाई उरत नाही, तेव्हा पायच पुढे जातो. सामन्याच्या अखेरीस वादग्रस्त पेनल्ट्या अधिक का घडाव्यात, याचे एक उत्तर तिथे आहे.

२०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाने डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड यांच्याविरुद्धचे सलग तीन सामने अतिरिक्त वेळेपर्यंत, म्हणजे प्रत्येकी ३० मिनिटे जास्त खेळून अंतिम फेरी गाठली. म्हणजे मॉस्कोतल्या अंतिम सामन्याआधी त्यांच्या पायांत आणखी एका संपूर्ण सामन्याइतकी मिनिटे साठली होती, शिवाय फ्रान्सला उपांत्य सामन्यानंतर एक दिवस जास्त विश्रांती मिळाली होती. त्या सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना पंच नेस्तोर पिताना यांनी पडद्यावर पाहून पेरिसिचच्या हँडबॉलबद्दल पेनल्टी दिली, ग्रीझमनने ती मारली, आणि उत्तरार्धात पोग्बा व एम्बाप्पे यांच्या गोलांनी सामना क्रोएशियाच्या हातून गेला. ती पेनल्टी योग्य होती की नाही, यावर मतभेद कायम राहतील. व्हीएआर आल्याने वाद मिटत नाहीत, हे मला मान्य आहे. पण पितानांनी स्वतः जाऊन पाहिले, हे क्रोएशियाच्या खेळाडूंनी पाहिले. भारताच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

जुनी उदाहरणे सर्वांना पाठ आहेत. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा, चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही यावर आजही वाद असलेला गोल आणि २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीच्या हाताला लागलेला, पण पंचांना न दिसलेला चेंडू, हे दोन्ही प्रसंग अतिरिक्त वेळेतले होते, एवढेच इथे नोंदवतो. अशा वेळी थकलेले फक्त खेळाडूच नसतात.

पंचांच्या दमाविषयी आपण जवळजवळ बोलतच नाही, याचे मला वाईट वाटते. आंतरराष्ट्रीय सामन्यात मुख्य पंच साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो, म्हणजे बहुतेक मिडफिल्डरइतकाच. खेळाडूंसाठी पाच बदल्यांची सोय २०२० मध्ये आली आणि पुढे ती कायम झाली, अतिरिक्त वेळेत आणखी एक बदली करता येते. पंच मात्र दुखापत झाल्याशिवाय बदलत नाहीत. १२० मिनिटे तोच माणूस, तेच डोळे. २०२२ च्या विश्वचषकात वाया गेलेला वेळ काटेकोर मोजण्याचे धोरण आले आणि इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्याच अर्धात १४ मिनिटे वाढवली गेली. हा हिशेब प्रामाणिक आहे, पण ती वाढीव मिनिटे सर्वांच्याच अंगावर पडतात.

आता विश्वचषक ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा झाला आहे, विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या रॉद्रीने सामन्यांच्या भारामुळे खेळाडू संपाच्या जवळ आले आहेत असे सांगितले, आणि काही दिवसांतच त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन त्याचा जवळजवळ सारा हंगाम वाया गेला. सामने वाढवून पैसा कमावणाऱ्या महासंघांनी त्यातला काही भाग पात्रता फेरीच्या प्रत्येक सामन्यात निदान गोलरेषेवर आणि अंतिम रेषेवर कॅमेरे लावण्यासाठी खर्च केला पाहिजे. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेपलीकडे जाऊनही गोल नाकारला गेल्यावर चार वर्षांत, २०१४ च्या विश्वचषकात, गोलरेषा तंत्रज्ञान आले, ते इंग्लंडच्या बाबतीत घडले म्हणून. भारत, अफगाणिस्तान, कुवेत यांच्या सामन्यांना तीच तातडी का लागू होऊ नये?

आणि हे फक्त मोठ्या महासंघांपुरते नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात मुलांच्या स्पर्धा होतात, तेव्हा एकाच पंचाकडून एका दिवसात लागोपाठ सामने करून घेतले जातात आणि दुपारी त्याने ऑफसाइड चुकवला की पालक त्याच्यावर धावून जातात. नाशिकमध्ये स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की चषक थोडा लहान घ्या, पण पंचांची दुसरी जोडी नेमा, दुपारचे सामने सकाळी आणि संध्याकाळी वाटून घ्या, आणि प्रत्येक अर्धात पाण्यासाठी खेळ थांबवा. यंदाच्या स्पर्धांची वेळापत्रके ठरण्याआधी हे करता येईल, आणि ज्यांना दोन्ही रेषांवर झेंडा धरून उभे राहणारे प्रशिक्षित सहायक पंच हवे असतील, त्यांच्यासाठी माणसे शोधायला मी स्वतः मदत करीन.