रक्त उकळत नाही, मामा!

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, जवळ आला की तो मेसेज फिरू लागतो. "पुढचे पाच दिवस इक्विनॉक्सचा परिणाम. पारा ४५ च्या वर गेला की घाम बंद होतो, रक्त उकळतं, रक्तातलं प्रोटीन शिजतं. बर्फाचं पाणी पिऊ नका, रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुऊ नका. खिशात कांदा ठेवा." खाली डॉक्टरचं नाव नाही, 'जनहितार्थ' मात्र ठळक. एरवी मी डिलीट करून मोकळा होतो. यंदा मामांनी तो मनावर घेतला आणि वर्धा रोडकडच्या साईटवर मजुरांसाठी येणारे थंड पाण्याचे कॅनच बंद केले.

इक्विनॉक्स आधी उरकतो. दिवस-रात्र सारखे असण्याचा तो दिवस मार्चमध्ये येतो, मग सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात त्याचं काय काम? नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो २६ मेच्या सुमारास. त्याला इक्विनॉक्स म्हणत नाहीत.

आता उकळणारं रक्त. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. मेसेजच्या हिशोबानं इतवारीत भर दुपारी हातगाडी ओढणारा एकही माणूस त्या संध्याकाळी घरी पोचायला नको होता.

त्याहून भारी पुरावा अडीचशे वर्षं जुना आहे. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरला. आतली कोरडी हवा १२७ अंश सेल्सिअसच्या घरात. त्या खोलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडा वातड होईपर्यंत भाजला गेला. ब्लॅग्डेन आठेक मिनिटं थांबून आपल्या पायांनी बाहेर आला. या प्रयोगांत अंगाचं तापमान मोजलं, तर ते जवळपास रोजच्याइतकंच! पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे सगळं छापून आलं.

मांस शिजलं आणि माणूस नाही, कारण माणसाला घाम येतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला रक्त जरा तापल्याचं कळलं की कातडीखालच्या वाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; नुसतं बसलेलं शरीर तासाला ७०-८० च्या आसपास तयार करतं. हवा ३७ च्या वर गेली की शरीराकडे हा एकच मार्ग उरतो, म्हणजे नेमका ४५ ला घाम सर्वांत जास्त लागतो. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि पहिल्या पावसानंतर तो जसा नुसती चिकचिक करतो तसंच दमट हवेत घामाचंही होतं. आकड्यापेक्षा भीती बाळगायची ती दमटपणाची आणि अंगातलं पाणी संपण्याची.

प्रोटीनबद्दल एक कण खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की पेशी बिघडू लागतात, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो. तोच उष्माघात. पण तो आकडा शरीराच्या आतला. मेसेजनं हवेचा आणि शरीराचा पारा एकाच पातेल्यात ओतलाय.

कांदा? भाकरीसोबत खा.

राहिलं थंड पाणी, आणि माझा खरा राग इथे आहे. गारव्यानं वाहिन्या आकसतात, फुटत नाहीत. गटागटा बर्फाचं पाणी प्यायल्यावर एखाद्याचं कपाळ ठणकतं, पोटात कळ येते, इतकंच. उलट कष्टानं उष्माघात झालेल्या सैनिकाला, खेळाडूला सरळ बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात, आणि डॉक्टरांची धडपड असते पहिल्या अर्ध्या तासात ताप ३९ च्या खाली आणण्याची. ज्या अर्ध्या तासात जीव वाचतो, नेमका तोच हा मेसेज हातपाय न धुता बसून घालवायला सांगतो!

तेव्हा मामा, कॅन सुरू करा, सोबत मीठ-लिंबाचं सरबत ठेवा. कोणी बरळायला लागला तर अंग कोरडं पडायची वाट पाहू नका. राबणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल ते गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी मात्र ओतू नका.