गोल कोणी केला?

आज एका शाळेच्या फुटबॉल फायनलचं लाइव्ह पाहिलं. शेवटच्या मिनिटाला एक मुलगी डावीकडून चेंडू घेऊन आत घुसली आणि स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. चित्र परत आलं तेव्हा सगळ्याजणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. खाली कोणाची तरी कमेंट: 'गोल कोणी केला?'

संताप याचा, की कॅमेरा चांगला महागातला होता! चित्र आरशासारखं, पण ते घरापर्यंत पोचेल याची सोयच नाही.

सामना लाइव्ह दाखवायचा असेल तर खरेदी उलट्या क्रमाने करा हो. आधी नेट. ७२०पी चित्राला, सेकंदाला ६० फ्रेम धरून, ६ एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) पुरतो, मात्र अपलोड, म्हणजे मैदानावरून बाहेर पाठवायचा वेग, त्याच्या दुप्पट हवा. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर घेतलेली स्पीड टेस्टही फसवते, कारण सामन्याच्या वेळी शेकडो फोन त्याच टॉवरला लोंबकळतात. शाळेच्या इमारतीतून लॅन केबल ओढा, कॅट-सिक्स प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत चालते. नाहीच जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि दोन्ही एकत्र वापरणारा बाँडिंग राउटर. तरीही अडकतंय? बिटरेट उतरवा. धूसर दिसलेला गोल चालतो, न दिसलेला नाही.

मग आवाज. आज ९० मिनिटं वाराच ऐकला. माइकला केसाळ विंडशील्ड लावा, कॉमेंट्रीचा माइक वेगळा ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या आवाजाची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास. मैदानावरच्या स्पीकरवर गाणी वाजत असतील तर कॉपीराइटचा दावा येतो, तेव्हा ती आधी बंद करायला सांगा.

मग फ्लुइड हेडचा, म्हणजे वरचा भाग संथ आणि सलग फिरणारा ट्रायपॉड, मध्यरेषेच्या समोर, उंचावर. साध्या हेडवर कॅमेरा आडवा फिरवताना धक्के बसतात आणि बघणाऱ्याला गरगरतं.

कॅमेरा सगळ्यात शेवटी. मान्य, उजेड उतरला की मोठा सेन्सर कामाला येतो. पण खेळाला २०एक्स ऑप्टिकल झूमचा साधा कॅमकॉर्डर बरा. फोटोचे कॅमेरे उन्हात तापून बंद पडू शकतात, काहींच्या एचडीएमआयमधून (चित्र बाहेर नेणाऱ्या जोडणीतून) मेनूची चिन्हंही जातात, आणि मायक्रो एचडीएमआयचं सॉकेट जरा ओढ बसली की ढिलं होतं. शटरचा वेग उन्हात १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद. हॉलमध्ये ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांखाली १/१००, नाहीतर चित्र लुकलुकतं.

मध्येच कॅमेरा खाली झुकला तेव्हा लॅपटॉपवर पुठ्ठ्याची सावली धरून बसलेला एक मुलगा दिसला. दोन तास तसाच बसला असणार. राग त्याच्यावर नाही, शाबासकीच द्यायला हवी. त्याच्या हातात लॅन केबल कोणी दिलीच नाही.

पण बाळा, कॅमेऱ्याच्या कार्डावर रेकॉर्डिंग चालू होतं ना? असेल तर शेवटचं ते एक मिनिट आज रात्रीच टाक. ती कमेंट अजून तशीच आहे.