‘एका ओळीचं काम पाच ओळींत कशाला?’

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जावास्क्रिप्टने वेबपानावरच्या यादीत नवी ओळ घालायची तर इनरएचटीएमएलला (घटकाच्या आतलं एचटीएमएल) ‘प्लस-इक्वल’ लावून स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, चिकटवली की झालं, मी मात्र घटक बनवायला क्रिएटएलिमेंट, त्यात मजकूर घालायला टेक्स्टकंटेंट, तो जोडायला अपेंड असा द्राविडी प्राणायाम करायला लावतो. शिवाय रिअ‍ॅक्टसारख्या पान रचून देणाऱ्या लायब्ररीच्या जमान्यात हे शिकायचंच कशाला?

घोळ ‘चिकटवली’ या समजुतीत आहे. ब्राउझर चिकटवत काहीच नाही. आतल्या सगळ्या घटकांची तो आधी स्ट्रिंग करतो, तिला तुमचा तुकडा जोडतो, जुने नोड (पानावरचे प्रत्यक्ष घटक) काढून टाकतो आणि ती अख्खी स्ट्रिंग वाचून सगळं नव्याने उभारतो. करून बघा. किराण्याची यादी घ्या, प्रत्येक ओळीत नग लिहायला एक इनपुट आणि ‘काढा’ असं बटण, त्या बटणावर क्लिक ऐकायला अ‍ॅडइव्हेंटलिसनर. तिसऱ्या ओळीत ५ टाइप करा आणि मग तुमच्या पद्धतीने चौथी ओळ घाला. ५ गेला, आणि वरची तिन्ही बटणं मुकी झाली. चुका दाखवणाऱ्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही लाल अक्षर नाही, म्हणून तर हा बग शोधताना जीव जातो. टाइप केलेला आकडा इनपुटच्या व्हॅल्यू प्रॉपर्टीत असतो, एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये नाही; लिसनर जुन्या नोडला बांधलेला असतो. स्ट्रिंगमध्ये यातलं काहीच उतरत नाही.

एक ओळच हवी असेल तर इन्सर्टअ‍ॅडजेसंटएचटीएमएल वापरा, ‘बिफोरएंड’ (शेवटच्या टोकाआधी) देऊन. आधीच्या नोडना ते हात लावत नाही. माझं भांडण ओळींच्या संख्येशी नाहीच.

‘इनरएचटीएमएल हळू असतं’ हा वेगाचा मुद्दा तुम्ही उगाच माझ्या तोंडी घातलात. रिकाम्या यादीत अख्खी स्ट्रिंग एकदाच भरायला माझी काही हरकत नाही.

हरकत आहे ती वापरणाऱ्याने भरलेला मजकूर तसाच त्या स्ट्रिंगमध्ये घालायला. ‘इनरएचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालतच नाही’ असं तुम्ही लिहिलंत. बरोबर, नाही चालत. पण खोटा पत्ता दिलेला इमेज टॅग आणि त्यावर ऑनएरर, म्हणजे चित्र न सापडल्यावर चालणारा कोड? तो बिनदिक्कत चालतो. २००५ साली मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी नावाचा वर्म (आपणहून पसरणारा कोड) पसरला, तेव्हाही साइट स्क्रिप्ट टॅग अडवत होतीच. लिहिणाऱ्याने कोड एका डिव्हच्या स्टाइलमध्ये घातला. त्याचं प्रोफाइल जो उघडेल त्याच्या खात्यातून लिहिणाऱ्याला मैत्रीची विनंती जाई, आणि तोच कोड बघणाऱ्याच्या प्रोफाइलवरही उतरे. दिवसभराच्या आत १० लाखांवर खाती. टेक्स्टकंटेंटला मात्र टॅग कळतच नाहीत. जे द्याल ते तो निव्वळ अक्षरं म्हणून छापतो. पाच ओळी त्यासाठी.

राहिला रिअ‍ॅक्ट. मीही वापरतो. तोही शेवटी ब्राउझरला क्रिएटएलिमेंटच सांगतो, आणि कच्चं एचटीएमएल घालायच्या सोयीचं नाव त्याने ‘डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल’ ठेवलंय, ते काही गंमत म्हणून नाही. इनपुटवर फोकस न्यायचा, घटकाची उंची मोजायची, एखादी चार्टची लायब्ररी बसवायची, की रेफ (त्या घटकाचा थेट हवाला) घेऊन पुन्हा डॉमच्याच, म्हणजे ब्राउझरमधल्या घटकांच्या झाडाच्याच, दारात यावं लागतं. आणि ‘इतर’ निवडल्यावर एक खोकं दाखवायचं एवढ्यासाठी अख्खा रिअ‍ॅक्ट आणणं मला तरी पटत नाही. क्लासलिस्ट आणि टॉगल (क्लास लावायचा-काढायचा), विषय संपला.

जाता जाता, ‘ब्राउझरच एकाआड एक घटक सोडतो’ म्हणून क्लास काढायचा तुम्ही जो लूप दिलाय त्याबद्दल. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम जी यादी देतं ती जिवंत असते. पहिल्या घटकाचा तो क्लास काढलात की तो यादीतून बाहेर, दुसरा सरकून शून्याव्या जागी, आणि तुमचा मोजणारा आय तोवर एकवर पोचलेला. क्वेरीसिलेक्टरऑल वापरा, त्याची यादी मागून बदलत नाही. किंवा लूप शेवटाकडून चालवा.