हात लावल्यानं फुलपाखरू मरत नाही

"बागेत जखमी फुलपाखरू दिसलं तर हात लावू नका, पंखांवरची पावडर निघाली की ते मरतं. तसंही ते एकच दिवस जगतं. फार वाटलं तर बरणीत ठेवा, पंख पुन्हा येतो." नागपुरातल्या बागप्रेमींच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. भल्या हेतूनं पाठवला जातो, पण त्यानं फुलपाखरांचे हालच होतात.

ती पावडर म्हणजे कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले. ते आयुष्यभर झडतात, म्हणून वय झालेलं फुलपाखरू फिकट दिसतं. थोडे बोटाला लागल्यानं ते मरत नाही. पंखाला चिमटीत धरून ओढू नका, बोट पुढे करा, ते स्वतःच चढेल. फरशीवर मात्र मुंग्या त्याला जिवंत खातात.

एक दिवसाचं आयुष्य हेही चूक. बहुतेक फुलपाखरं दोन-चार आठवडे जगतात. गोडलिंबावर किंवा संत्र्याच्या कलमावर अंडी घालणाऱ्या लिंबू फुलपाखराच्या मादीला एकेक दिवस मोलाचा.

पंख पुन्हा येत नाही. फुलपाखरू झाल्यावर ते कात टाकत नाही, मग नवा पंख येणार कुठून? पण पंखाची कड फाटली, मागच्या पंखाचा तुकडा गेला, तरी ते उडतं. बरणीत आपटून उरलेले पंखही फाटतात.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ते खरंच जखमी आहे का? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गारठलेलं फुलपाखरू उडूच शकत नाही, उन्हात स्नायू तापले की उडून जातं. चुरगळलेले पंख आणि खाली लालसर थेंब दिसले, तर ते रक्त समजू नका. कोशातून नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू कोशात साठलेला मळ टाकतं, तोच हा थेंब. त्याचं स्वतःचं रक्त लाल नसतंच. अशा वेळी उलटं लटकता येईल अशी काडी द्या आणि तासाभर, थोडं जास्तही, थांबा.

खरंच उडता येत नसेल तर मुंग्या नसलेल्या कुंडीतल्या फुलावर सावलीत ठेवा. एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून कापूस भिजवा आणि त्याचे पाय कापसावर टेकवा. फुलपाखराला चव पायांनी कळते, सोंड आपोआप उलगडते. पंखांना मात्र ते पाणी लागू देऊ नका, चिकटतात.